लीळेला क्रमांक द्या : रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठास खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, ग्रंथपाल आणि प्राध्यापकवर्ग,
मराठी भाषा विद्यापीठ, रिद्धपूर, जि. अमरावती

स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात एकोणतीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण मुलं अजून घरी येतात. कॉलेजच्या लायब्ररीत हल्ली मागाल ते पुस्तक देणारं माणूस नाही, आणि माझ्याकडे निदान चहा मिळतो, हेही कारण असेल.

गेल्या पावसाळ्यात एम.ए.ची एक मुलगी आली. तुकोबांवर निबंध लिहीत होती. तिच्या सरांनी एकच प्रश्न लाल शाईने लिहून वही परत केली होती : "कुठली गाथा? अभंग क्रमांक?" तिने सहा अभंग घेतले होते, सगळे मोबाइलवरून. आम्ही दोघी तीन दुपारी बसलो. माझ्याकडे शासकीय गाथा आहे, जोगमहाराजांची सार्थ गाथा आहे, आणि वडिलांची देहूहून आणलेली एक जीर्ण प्रत आहे. पाच अभंग सापडले. पाचांपैकी एकाचाही क्रमांक तिन्ही प्रतींत सारखा नाही. एकाचं एक चरण एका प्रतीत आहे, दुसरीत नाही. इंटरनेटवर तेच अभंग ठिकठिकाणी होते, पण कुठल्या प्रतीवरून उतरवले हे एकाही ठिकाणी सांगितलेलं नव्हतं.

सहावा अभंग मात्र कुठेच मिळेना. शेवटी ती हळूच म्हणाली, "मॅडम, हा मी एआयला विचारला होता." भाषा बरी होती. यमक जुळलेलं. 'तुका म्हणे' अगदी जागच्या जागी. तुकोबांच्या हयातीत सालोमालो नावाचा कीर्तनकार त्यांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवायचा असं परंपरा सांगते, आणि गाथेत त्याच्यावर अभंगही आहेत. आताचा सालोमालो उलटा निघाला आहे. तो स्वतःची रचना तुकोबांच्या नावावर खपवतो, आणि त्याला मानधनही नको असतं.

यंत्रावर मी चिडले नाही. खरा अभंग आणि खोटा अभंग यांत फरक दाखवायला त्या मुलीच्या हातात काही साधन नव्हतं, ते आपण तिला दिलेलंच नाही, आणि याचा मला संताप आला. पत्र त्यासाठी आहे.

तुम्हाला का, तर तुमचं विद्यापीठ नवं आहे. जुन्या संस्थांना सवयी लागलेल्या असतात. त्यात ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पुढच्याच वर्षी केंद्राच्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मोहीम जाहीर झाली आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंदणी-जतन करण्याचं बोललं गेलं. पैसा येईल, स्कॅनर येतील, आणि वर्षअखेरीच्या अहवालात 'इतकी लाख पानं पूर्ण' असं छापून येईल. मला त्या वाक्याची भीती वाटते.

कारण ग्रंथांची आता टंचाई नाही. मी १९९० च्या दशकात नोकरीला लागले तेव्हा केतकरांच्या ज्ञानकोशाचा एक खंड बघायला मुलांना जिल्ह्याच्या गावी जावं लागायचं. आज यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने तो सगळा ज्ञानकोश नेटवर ठेवला आहे, शब्द घालून शोधता येतो. वाईचा मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड १९७६ साली तर्कतीर्थांच्या संपादनाखाली निघाला, तोही घरबसल्या वाचता येतो. साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कित्येक पुस्तकं फुकट उतरवून घेण्यासाठी ठेवली आहेत. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली लाखो पुस्तकं आता इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, त्यांत मराठी पोथ्यापुराणांचा केवढा तरी ढीग आहे. आणि शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाई भाषांच्या कोशांचं जे दालन उघडलं आहे, त्यात मोल्सवर्थ आहे, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. लीळाचरित्र वाचताना अडलेला शब्द रिद्धपूरच्या विद्यार्थ्याला शिकागोत शोधावा लागतो यात मला लाज वाटत नाही. सोय झाली, आनंद आहे. पण त्या कोशात अर्थाखाली जो दाखला दिलेला असतो, तो दाखला मूळ ग्रंथात उघडून बघायला गेलं की रस्ता संपतो.

आपल्याकडे ग्रंथ आहेत, त्यांतल्या ओळींना पत्ता नाही. हे माझं म्हणणं. बाकीचं पत्र त्याच्या खुलाशासाठी आहे.

पंजाबातल्या घुमानला २०१५ साली साहित्य संमेलन झालं तेव्हा नामदेवांचं नाव पुष्कळ गाजलं. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्या ग्रंथाच्या प्रमाण छापील प्रतीत १४३० पृष्ठं असतात, त्यांना 'अंग' म्हणतात. अमृतसरची प्रत घ्या की नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातली, अमुक ओळ अमुक अंगावरच असते. संगणक आला तेव्हा शीख अभ्यासकांना फार कष्ट पडले नाहीत, कारण पत्ता आधीच ठरला होता. आज नामदेवांचं पंजाबातलं पद कुठल्या अंगावर आहे हे मी दहा सेकंदांत सांगू शकते. त्यांचाच मराठी अभंग शोधायचा तर मला आधी विचारावं लागतं : कुठली गाथा, आणि हा नामदेव की त्याच नावाने लिहिणारा नंतरचा कवी विष्णुदास नामा? पंजाबात गेलेल्या नामदेवांचा पत्ता पक्का आहे आणि पंढरपुरात राहिलेल्यांचा नाही.

ज्यू लोकांच्या तालमूद या धर्मग्रंथाचंही तसंच. सोळाव्या शतकात व्हेनिसला छापलेल्या प्रतीची पानं जशी पडली, तीच पानवारी आजवर पाळली जाते. २०११ साली 'सेफारिया' नावाची मुक्त डिजिटल लायब्ररी सुरू झाली ती याच पायावर. एका ओळीवर बोट ठेवलं की तिच्यावरची भाष्यं, ती जिथे जिथे उद्धृत झाली ते ग्रंथ, सगळं शेजारी उलगडतं. मी पहिल्यांदा ते उघडलं तेव्हा मला आपली टीकांची परंपरा आठवली : गीतेचा श्लोक, त्याखाली ज्ञानेश्वरीच्या ओव्या, त्याखाली कीर्तनकाराचं निरूपण. अशी मांडणी आपल्या अंगवळणी पडलेली आहे, आणि तरी ती पडद्यावर आणली दुसऱ्यांनी.

परदेशाचंच कौतुक कशाला, इगतपुरी बघा. विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचं, म्हणजे सहाव्या बौद्ध संगीतीचं, पाली त्रिपिटक देवनागरीसह अनेक लिप्यांत उपलब्ध करून दिलं. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. त्या पाठात पाली टेक्स्ट सोसायटीच्या प्रतीचे पृष्ठांक आहेत, ब्रह्मदेशी प्रतीचे आहेत, थाई प्रतीचेही आहेत. लंडनच्या पुस्तकातला संदर्भ घेऊन आलेला माणूस आणि बँकॉकच्या पुस्तकातला घेऊन आलेला, दोघंही एकाच वाक्यावर येऊन उभे राहतात. आपला ग्रंथ हाच एकमेव खरा, असा आग्रह न धरता आपल्या प्रतीसकट चारही प्रतींचे दरवाजे त्यांनी एका खोलीत उघडले. हे नाशिक जिल्ह्यात झालं आहे.

आणि पुणे. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. पर्व, अध्याय, श्लोक असा तिचा आकडा जगभर चालतो. क्योटोच्या प्रा. तोकुनागांनी ती सबंध संगणकात घातली, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून नीट केली, आणि तो पाठ पुन्हा जगाला खुला झाला. पुण्यात ठरलेला पत्ता जपानला पोचला, इंग्लंडला पोचला. मराठी ग्रंथांच्या बाबतीत मात्र तो पुण्याहून आळंदीलाही पोचत नाही.

ज्ञानेश्वरीचंच घ्या ना. एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रत शुद्ध केली. राजवाड्यांनी १९०९ साली आपल्याला मिळालेली, त्यांच्या मते नाथपूर्व, पोथी छापली. सांप्रदायिक प्रती वेगळ्या, शासकीय वेगळी. अध्याय अठराच, पण ओव्यांची संख्या प्रतीप्रतीत बदलते, म्हणजे मधली एक ओवी कमी-जास्त झाली की पुढचे सगळे आकडे सरकतात. तुकोबांच्या गाथेसाठी तर मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये दिले होते, आणि १८६९ नि १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्याने दोन भागांत ती काढली. त्या काळचे चोवीस हजार! संपादक पंडितद्वयांनी पोथ्या मिळवून पाठभेद नोंदवले. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे टेलिफोनही नव्हता त्यांनी पाठभेद दिले, आणि आज आपण नेटवर गाथा चढवताना पाठभेद तर सोडाच, प्रतीचं नावसुद्धा देत नाही.

नावांचा घोळ हा आणखी वेगळा. एका मोठ्या डिजिटल साठ्यात मी 'बहिणाबाई' शोधलं, तर शिऊरच्या संत बहिणाबाई आणि जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांची पुस्तकं एकाच लेखिकेच्या नावाखाली आली. एक तुकोबांची शिष्या, दुसरी १९५१ साली वारली. मध्ये अडीचशे वर्षं. दुसऱ्या एका ठिकाणी एकनाथांच्या 'एका जनार्दनी' या नाममुद्रेवरून लेखक म्हणून जनार्दनस्वामींची नोंद केलेली. ज्ञानेश्वर रोमन लिपीत निदान चार स्पेलिंगांनी येतात, आणि त्या चौघांची एकमेकांशी ओळख नाही. हे काम करणारी मुलं कंत्राटावर असतात, पानामागे पैसे मिळतात, त्यांना बोल लावून उपयोग नाही. नावांची एक पक्की यादी कुणी त्यांच्या हातात दिली असती तर त्यांनी ती वापरली असती.

आमच्या धंद्यातलं एक दुखणं इथेच सांगते. ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावण्याच्या ड्यूईच्या वर्गीकरणात धर्म हा २०० च्या शेकड्यात येतो. त्यातले २२० ते २८० पर्यंतचे आकडे ख्रिस्ती धर्माला, आणि बाकी सगळ्या जगाला २९०. त्यातच आपले हिंदू, बौद्ध, जैन, शीख दाटीवाटीने बसलेले, २९४ च्या पुढे टिंब देऊन. आता तुकोबांची गाथा २९४.५ मध्ये ठेवायची की मराठी कविता म्हणून ८९१.४६१ मध्ये? नोकरीत असताना मी ती काव्यात ठेवली, माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी धर्मात ठेवली होती, आणि माझ्यानंतरच्यांनी पुन्हा हलवली असेल. कपाटात पुस्तकाला एकच जागा असते. पण संगणकावर तर एका पुस्तकाला दहा विषय लावता येतात! तरी आपल्या बहुतेक डिजिटल सूचींत अजून एकच विषय आणि तोही 'संतसाहित्य'. त्या एका शब्दाखाली भक्ती, तत्त्वज्ञान, जातीचा प्रश्न, बाईचं दुःख, शेती, सावकार, सगळं झाकलं जातं.

'संतसाहित्य' म्हटल्यावर काय काय बाहेर राहतं, तेही बघा. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात बसून ख्रिस्तपुराण रचलं. सुमारे अकरा हजार ओव्या, १६१६ साली राशोलला रोमन लिपीत छापल्या. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज शिल्लक नाही. देवनागरीतलं हस्तलिखित आहे ते लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत, मार्सडेनच्या संग्रहात. १९०७ ची मंगळूरची आवृत्ती पुन्हा रोमन लिपीत. म्हणजे देवनागरीत ओवी टाइप करून शोधणाऱ्याला अर्धं ख्रिस्तपुराण दिसणारच नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद, त्यांचा योगसंग्राम. कोकणातल्या बेने इस्रायलांनी १८४६ साली मुंबईत शिळाछापावर काढलेली हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या सणाला वाचायची पोथी. ही सगळी मराठीतली धर्माच्या अभ्यासाची साधनं आहेत आणि आपल्या एकाही शोधपेटीत ती एकत्र येत नाहीत.

बाबासाहेबांच्या ग्रंथाचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी मुळातच खंड, भाग आणि क्रमांक दिलेले परिच्छेद असा लिहिला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या प्राध्यापिका फ्रान्सिस प्रिचेट यांनी मूळ इंग्रजी ग्रंथ नेटवर मांडला तेव्हा तीच क्रमवारी कामी आली. ज्याला पुढे कुणीतरी आपल्याला उद्धृत करणार याची जाणीव असते, तो असा लिहितो.

आता जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी हिंडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून त्या 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर येत आहेत. तिथे ओवीला क्रमांक आहे, गाणाऱ्या बाईचं नाव आहे, तिचं गाव आहे, पुष्कळ ठिकाणी तिचा आवाज आहे. ओव्या विषयवार लावल्या आहेत : विठ्ठल, सीता, भाऊ, भीमराव. ज्या बायकांना सही करता येत नव्हती त्यांच्या ओवीला पत्ता मिळाला, आणि तुकोबांच्या अभंगाला नाही. यात त्या बायकांना कमी लेखणं मुळीच नाही. उलट ते काम बघूनच मला कळलं की हे जमण्यासारखं आहे, आणि सरकारी मोहिमेवाचून जमण्यासारखं आहे.

आता तुमच्या गावाकडे येते. रिद्धपूर म्हटलं की लोकांना पहिला मराठी गद्यग्रंथ, लीळाचरित्र, आठवतो. मला ग्रंथपाल म्हणून दुसरंच आठवतं. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनी तुमच्या गावी, वाजेश्वरीत बसून लीळा लिहिल्या, त्या कशा? महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्याबरोबर जे जे होते त्यांना गाठून, विचारून, नागदेवाचार्यांकडून तपासून. ज्याने सांगितलं त्याचं नाव ठेवलं. पुढे परंपरा सांगते त्याप्रमाणे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, आणि आठवणीतून ती पुन्हा उभी करावी लागली. ज्याची त्याची आठवण वेगळी, म्हणून पाठ वेगळे : पिढीपाठ, हिराइसेचा पाठ, आणखी कितीतरी. महानुभावांनी हे भेद खरवडून टाकले नाहीत. 'वासना' म्हणून वेगळा पाठ नोंदवला, 'शोधु' म्हणून शोधलेली माहिती जोडली. तेराव्या-चौदाव्या शतकात! याला आज विद्यापीठात पाठचिकित्सा म्हणतात आणि त्यासाठी परदेशातून तज्ज्ञ बोलावतात.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. केसोबासांनी लीळांतून चक्रधरांची वचनं वेचून सूत्रपाठ केला, दृष्टांत वेगळे काढून ११४ दृष्टांतांचा दृष्टांतपाठ केला. स्थानपोथीत स्वामी कुठल्या गावी, कुठल्या देवळात, कुठल्या दिशेला बसले ते नोंदवलं. म्हणजे मूळ ग्रंथ एक, त्याची वचनसूची दुसरी, उदाहरणांची तिसरी, आणि स्थळांची चौथी. कुठलंही सूत्र घ्या, ते कुठल्या लीळेतून आलं हे विचारता येतं. ती लीळा कुठे घडली ते स्थानपोथीत बघता येतं. एका ग्रंथातून दुसऱ्यात जाण्याची ही वाट संगणकाच्या कित्येक शतकं आधी तुमच्या गावात पडलेली आहे. मला वाटतं, मराठीतले पहिले संदर्भग्रंथपाल महानुभाव होते. (हे वाक्य एका परिसंवादात म्हटलं तेव्हा दोन प्राध्यापक हसले होते. अजून मला त्यात हसण्यासारखं काही दिसलेलं नाही.)

म्हणून माझी विनंती लहान आहे. नवं स्कॅनिंग पहिल्या दिवसापासून सुरू करू नका. आधी लीळाचरित्र घ्या आणि प्रत्येक लीळेला एक कायमचा क्रमांक द्या, जो कुठल्याही एका छापील आवृत्तीचा नसेल. त्याच्यापुढे नेन्यांच्या आवृत्तीत ती लीळा कितवी, तुळपुळ्यांच्या आवृत्तीत कितवी, कोलत्यांच्या आवृत्तीत कितवी, अमुक पोथीत कितव्या पानावर, एवढं लिहा. वासना असेल तर तिथेच खाली. सूत्र निघालं असेल तर त्याचा क्रमांक, स्थळ असेल तर स्थानपोथीतली नोंद. यात कुणाच्या संपादित पाठावर कॉपीराइट असला तरी अडत नाही, कारण आपण पाठ छापत नाही, फक्त आकडे जुळवतो. या कामाला फार पैसे लागत नाहीत. लीळा वाचू शकणारी पाचसहा माणसं लागतात, आणि ती महाराष्ट्रात सगळ्यात जास्त तुमच्याच पंचक्रोशीत आहेत.

ते जमलं की मग ज्ञानेश्वरी, नामदेवांची गाथा, एकनाथी भागवत, तुकोबा. गाथांसाठी अभंगाचं धृपद आणि पहिलं चरण धरून यादी करावी लागेल, कारण अभंगांची क्रमवारीच प्रत्येक प्रतीत निराळी. सोबत नावांची यादी : बहिणाबाई दोन, नामा किती याबद्दल वाद आहे असं सरळ लिहून, नाममुद्रा वेगळी आणि कर्ता वेगळा. ही यादी तुम्ही तुमच्या दारात न ठेवता कुणालाही उतरवून घेता येईल अशी ठेवा, म्हणजे मुंबईचं ग्रंथसंग्रहालय, वाईचं मंडळ, उद्या शिकागोवालेही तीच वापरतील. आणि एकदा दिलेला दुवा बदलू नका. मी माझ्या विद्यार्थ्यांसाठी उपयुक्त दुव्यांची एक यादी केली होती, चौऱ्याऐंशी दुव्यांची. एका खात्याचं संकेतस्थळ 'नव्या रूपात' आलं आणि एका रात्रीत त्यांतले एकतीस मेले.

दोन गोष्टींची मला काळजी आहे. पहिली, महंतमंडळींना विचारल्याशिवाय काही करू नका. महानुभावांनी सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्या वापरल्या त्या गंमत म्हणून नव्हे. पोथी हा त्यांच्यासाठी पूजेचा विषय आहे, नुसता डेटा नाही. राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली तेव्हा अभ्यासकांना खजिना मिळाला, पण मठात त्या दिवशी काय वाटलं असेल याची नोंद कुणी ठेवली? काही पोथ्यांचं फक्त सूचीत नाव येईल, आत बघता येणार नाही, असंही ठरू शकतं. चालेल. कुलूप आहे हे कळणं आणि खोलीच माहीत नसणं यांत फरक आहे. शिवाय हा पंथ पंजाबात, पेशावर-काबूलपर्यंत गेला होता, 'जयकृष्णी' म्हणून. तिकडच्या मठांतल्या पोथ्यांचा हिशोब मठवाल्यांना विचारूनच लागेल.

दुसरी काळजी अशी की हे काम कुणाला दिसत नाही. स्कॅनरचं उद्घाटन होतं, फीत कापता येते. आकड्यांच्या कोष्टकाची फीत कशी कापणार? पीएच.डी.च्या गुणांतही ते बसत नाही. तुम्ही विद्यापीठ आहात, तेव्हा एवढं तरी करू शकता : एका गाथेची प्रतवार जुळणी करणाऱ्याला ती पदवीसाठी धरा. कर्नल जेकबने १८९१ साली मुंबईतून उपनिषदांचा आणि गीतेचा वाक्यकोश काढला, तो आजही उघडला जातो. तो फौजेतला माणूस होता, त्याला पदवी नको होती. आपल्या मुलांना लागते, नोकरीसाठी.

जाता जाता माझ्यापुरतं. नोकरीच्या काळात, दुपारी वाचनकक्ष रिकामा असताना, मी बाद झालेल्या सूचिकार्डांच्या पाठीमागे तुकोबांचे अभंग उतरवत गेले. एका कार्डावर एक अभंग : वर धृपद, खाली तीन गाथांतले तीन क्रमांक, पाठभेद असेल तर लाल पेन्सिलीने खूण. साधारण एकोणीसशे कार्डं झाली आहेत, बुटांच्या पाच खोक्यांत, 'प'पर्यंत. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून पुढे सरकलेलं नाही. मुलगा म्हणतो फोटो काढून पीडीएफ करू. मी त्याला थांबवलं आहे.

रिद्धपूरला एसटीने यायचं तर मला अमरावतीत उतरून गाडी बदलावी लागेल. खोकी जड नाहीत. ती कुणाच्या हाती द्यायची, आणि ग्रंथालय दुपारी किती वाजेपर्यंत उघडं असतं, एवढं कळवावं.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल